तीन हिरव्या ओळी

ताण दिलेल्या मोसंबीच्या बागेला एक वास असतो. पाने कडेने आत वळू लागतात, त्यांच्यावरची चकाकी उतरून ती राखेच्या रंगाची होतात, आणि दुपारी वारा पडला की त्या मिटत चाललेल्या पानांतून कडवट, तेलकट असा एक दर्प हळूहळू रानभर पसरतो. संत्र्याची साल विस्तवावर टाकली की पहिल्या क्षणी येतो तसा. मी अकरा वर्षांची असताना तो वास प्रथम घेतला. तेव्हा मला वाटले होते की झाडे आजारी आहेत.

झाडे आजारी नव्हती. माझ्या वडिलांनी त्यांचे पाणी तोडले होते. मोसंबीला वर्षभर पाणी मिळत राहिले तर ती पालवत राहते, फुलत नाही. म्हणून चैत्रापासून दीड-दोन महिने मोट बंद करून झाडांना तहानेत उभे करायचे, पाने गळू लागली की मुळ्या उघड्या करून खत घालायचे, आणि मृगाच्या तोंडाला पाणी सोडायचे. मग झाड जिवाच्या आकांताने फुलते. दादांना, म्हणजे वडिलांना, हे जालन्याजवळच्या एका वृद्ध बागवानाने शिकवले होते. त्याचे एक वाक्य दादा घरात त्याच्याच आवाजात म्हणून दाखवीत: "झाड को जरा डरने देव, पटेल. डरेंगा नईं तो फूलेंगा नईं."

आमचे गाव केदारखेड्यापासून बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर. जमीन काळी आणि खोल. तीत ज्वारी, कापूस आणि तूर यांखेरीज काही लावावे असे कुणाच्या मनात येत नसे. दादांच्या मनात ते आले. विहिरीलगतच्या चार एकरांत त्यांनी मोसंबीच्या बारा ओळी लावल्या. गाव हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांना आम्ही मुलेही गावासारखेच आबा म्हणत असू. त्यांनी रोपे लावू दिली आणि वाट पाहिली. मात्र सहाव्या वर्षी, जेव्हा दूरदेशीच्या लढाईपायी आमच्याकडे धान्याची ओढ सुरू झाली, जमिनीच्या मानाने सरकारात लेव्हीची ज्वारी घालावी लागू लागली आणि घरातल्या कणग्यांचे तळ दिसू लागले, तेव्हा त्यांनी दादांना ओसरीवर बसवून घेतले.

"सहा वर्सं झाली," आबा म्हणाले. "ह्या रानानं मला एक भाकर दिली न्हाई. औंदा फूल धरलं तर बाग तुझी. न्हाई धरलं तर भादव्यात कुऱ्हाड अन् हस्तात शाळूची ज्वारी. बराबर?"

"बराबर," दादा म्हणाले.

आतल्या दाराशी माझी आई जात्यावर बसली होती. दळण थांबले नाही, पण खुंट्यावरचा तिचा हात क्षणभर मंदावला आणि पिठाची धार बारीक झाली.

आईला आम्ही माय म्हणत असू. दादांनी रोपे लावली खरी, परंतु ती जगवली मायने. पहिले दोन उन्हाळे विहीर इतकी खाली गेली होती की मोट चालेना. तेव्हा ती डोईवर घागर, कडेवर कळशी अशी एकेका खड्ड्याशी जाऊन पाणी ओतत असे. प्रत्येक रोपाला तिने तुराट्यांचे छत्र केले होते. कोणत्या झाडाचे खोड वासराने खरवडले, कोणते वादळात कलले, हे ती डोळे मिटून सांगू शके. तिच्या बोलण्यात त्या झाडांना दुसरा शब्दच नव्हता. ती त्यांना 'पोरी' म्हणे. आणि आता त्याच पोरी आपल्या डोळ्यांदेखत वाळताना पाहणे तिच्या वाट्याला आले होते.

"लेकरं तहानेली ठिवून त्यांच्याकडं फळ मागायचं," ती एकदा दादांना म्हणाली, "ही कुठली शेती म्हनायची?"

"दीड महिन्याचा सवाल हाय," दादा म्हणाले. "तू तिकडं जाऊच नको, मंग दिसनार न्हाई."

परंतु तिला तिकडे जावेच लागे, कारण बागेच्या कडेला, बेलाच्या झाडाखाली, गावाचा महादेव होता. देऊळ नव्हतेच; दगडी ओटा, त्यावर पिंड, आणि पिंडीच्या पन्हाळीचे तोंड उत्तरेला, म्हणजे थेट आमच्या बागेकडे. वैशाख लागला की तिथे गळती लावीत. तिवईवर तळाला भोक पाडलेले मडके ठेवायचे, भोकात दर्भाची वात, आणि महिनाभर पिंडीवर थेंब थेंब पाणी. ते मडके रिते होऊ द्यायचे नाही. घरटी एक घागर रोज. मडक्यात मावेल तेवढी मडक्यात, उरलेली तशीच पिंडीवर. पन्हाळीतून निघालेले ते पाणी बागेच्या पहिल्या ओळीत जिरत असे. इतकी वर्षे त्याचे कौतुकच होते.

दादांनी गळतीच्या पहिल्या दिवशी बायकांपुढे हात जोडले. यंदा घरटी घागर नको, साऱ्या गावाने मिळून चार घागरी घालाव्यात, म्हणजे मडके ठिबकत राहील आणि रानात ओघळ यायचा नाही, एवढेच त्यांचे मागणे होते. ओट्यावर घागर टेकवून उभी असलेली माझी एक चुलत आजी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काय रं, म्हादेवाला बी ताण देतो काय आता? त्याला कोनता बहार धरायचाय?"

बायका खळखळून हसल्या. दुसरी म्हणाली, "त्याच्या डोक्यावर गंगा हाय, त्याला कशाची तहान, असं म्हनंल बघा उद्या."

"न्हाई, म्हनत न्हाई," दादाही हसले. "तुमी घाला. बिलकुल घाला."

पाट खणून ओघळ दुसरीकडे वळवावा, तर त्यासाठी शिवाच्या पन्हाळीची धार ओलांडावी लागली असती, आणि ती धार आमच्याकडे कुणी ओलांडत नाही. प्रदक्षिणाही तिथवर जाऊन मागे फिरते. गड्यांनी नाही म्हटले. दादांचेही पाऊल उचलले नाही. संध्याकाळी ते घरी येऊन म्हणाले, "पहिली ओळ म्हादेवाची. अकरा ऱ्हातील, तेवढ्या बस झाल्या." त्यानंतर ते त्या अंगाने बागेत शिरेनासे झाले, लांबच्या बांधावरून येत, आणि उन्हाळी नांगरटीत दिवसभर दुसऱ्या रानात असत.

मी रोज सकाळी मायबरोबर गळतीला जाई. सूर्य नुकता वर आलेला असे. रात्रीचा गारवा दगडात उरलेला, बेलाच्या पानांचा कच्चा वास, आणि पिंडीवर पडणाऱ्या थेंबाचा तो एकटा, टपोरा आवाज. अशाच एका सकाळी मायने घागर ओतली, हात जोडले आणि ती पन्हाळीच्या बाजूने खाली उतरली. पहिल्या ओळीत पाणी साचून चकाकत होते. दुसऱ्या ओळीत, काही पावलांवर, भुईला बोट जाईल अशा भेगा होत्या. ती उभी राहिली. मग तिने उजव्या पायाची टाच मातीत रोवली आणि मागे ओढली. एक रेघ उमटली. पाणी त्या रेघेत शिरले, थबकले, आणि पुढे सरकले.

"माय," मी म्हणाले, "दादा पाणी घालू नको म्हनलेत ना?"

"पाणी कुठं घालून राह्यले मी? तीर्थ हाय हे."

मग तीच पुढे म्हणाली, "एकादशीला तीर्थ घेतलं तर उपास मोडतो का?"

"न्हाई."

"मंग?"

त्या वयात मला त्यात खोट दिसली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनीही, तिने स्वतःला फसवले असे मला कधी वाटले नाही. पिंडीवरून उतरलेले पाणी पाणी राहत नाही, ही तिची सरळ, निःशंक समजूत होती. तहानेला ते चालते आणि उपासाला बाधत नाही. मग ताणालाच का बाधावे?

वैशाखभर ती रेघ लांबत गेली. दुसऱ्या ओळीतून तिसरीत. मायने शेजारणींना काही न सांगता सांगितले: "यंदा ऊन लई हाय, दोन घागरी घालत जाऊ." दादांनी अडवल्यामुळे बायकांना आधीच चेव आला होता, त्या तीन घालू लागल्या. मी वाळकी पाने गोळा करून रेघेवर पसरीत असे. तसे कर असे मला कुणी सांगितले नव्हते. ज्याला आपण तीर्थ म्हणतो ते झाकायचे कशाला, हा प्रश्न माझ्या मनात एकदा आला. मी तो तिथेच पानांखाली ठेवला.

एका संध्याकाळी दादा जेवताना म्हणाले, "त्या अंगाचं रान लई ओल धरून राह्यलंय. दुसरी-तिसरी ओळ अजून हिरवीच हाय."

मायने त्यांच्या ताटात वरण वाढले. मी माझ्या पायांकडे बघत होते. बोटांच्या बेचक्यात काळी माती वाळून बसली होती.

ज्येष्ठात ताण तोडायचा दिवस आला. मुळ्या उघड्या करून शेणखत घातले होते. विहिरीत होते तेवढे पाणी राखून ठेवलेले होते. मोटेचे बैल उताराला लागले, कण्याचे चाक करकरले, आणि दोन महिने गप्प असलेल्या पाटात पाणी येताना असा आवाज झाला, जसे कुणी फार वेळ रोखलेला श्वास सोडते. भेगा पाणी गटागटा पीत होत्या. त्यांतून बुडबुडे वर येत होते. दादा चिखलात अनवाणी, ओळीमागून ओळ, पाण्याच्या पुढे पुढे चालत होते.

अठराव्या की विसाव्या दिवशी पहाटे घराच्या अंगणात वास आला. मोसंबीचे फूल लहान असते, मेणासारखे पांढरे, जाड पाकळीचे. परंतु नऊ ओळी एका रात्रीत उमलल्या की त्यांचा वास भिंती मानीत नाही. तो गोठ्यात शिरला, दळणात शिरला, आजारी चुलतीच्या अंथरुणाशी गेला. आम्ही सारे बागेकडे धावलो. चौथ्या ओळीपासून बाराव्या ओळीपर्यंत झाडांवर पानांहून फुले अधिक होती आणि मधमाश्यांचा असा घोष चालला होता की बोलणे ऐकू येईना.

पहिल्या तीन ओळी हिरव्यागार होत्या. लुसलुशीत, कोवळी, तळहाताएवढी पाने. फूल एकही नाही.

दादा त्या ओळींमधून एकटे फिरले. पहिल्या ओळीकडे त्यांनी पाहिलेही नाही. ती सोडलेलीच होती. तिसऱ्या ओळीत त्यांनी पायाने वाळका पाला सारला आणि ते वाकले. मातीत रेघ होती. पाटाचे पाणी झाडांच्या आळ्यांपुरतेच फिरले होते, आणि चिखल वाळून घट्ट झाल्यामुळे टाचेचे ठसे, मायच्या भेगाळलेल्या टाचेच्या आडव्या चिरांसकट, शिक्क्यासारखे उमटून राहिले होते. मी बांधावर उभी होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, मग पाला पुन्हा जागेवर सारला.

संध्याकाळी आबांना ते म्हणाले, "त्या अंगाला माझा अंदाज चुकला, आबा. काळी लई खोल हाय. ताण बसला न्हाई."

आबा बागेत जाऊन आले होते. फुलांच्या ओळींतून चालताना त्यांच्या पागोट्यावर पाकळ्या पडल्या होत्या आणि त्या त्यांनी झटकल्या नव्हत्या. "नऊ ओळी तुझ्या," ते म्हणाले. "मी जबान मोडत न्हाई. पन त्या तीन वांझ ओळी काढ. तेवढ्यात शाळू पेरू."

"पुढच्या साली बराबर ताण देतो, त्या बी फुलतील."

"लेव्ही पुढच्या सालावर ऱ्हाती काय? का पोरं पुढच्या साली जेवतील?"

घरात आम्ही चौदा माणसे होतो, आणि त्या पावसाळ्यात कितीदा अंबाडीची भाजी भाकरीहून अधिक वाढली गेली, हे आम्ही मुलेही जाणत होतो.

भाद्रपदात एका सकाळी ओसरीवर कुऱ्हाडीला धार लावण्याचा आवाज सुरू झाला. माय सासऱ्यांसमोर कधी बोलत नसे; काही सांगायचे तर मुलांच्या तोंडून. त्या दिवशी ती पदर कपाळापर्यंत ओढून उंबरठ्याशी येऊन उभी राहिली.

"मामंजी, त्या वांझ न्हाईत," ती म्हणाली. "म्या पाजलं त्यांला."

सहाणेवरचा हात थांबला. "काय पाजलंस?"

"तीर्थ. गळतीचं."

आबांनी अंगणाकडे तोंड फिरवले. मग म्हणाले, "तीर्थानं मोक्ष मिळतो, सूनबाई. फळ मिळत न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरे झाले असते, असे मला तेव्हाही वाटले. ते दादांकडे वळले. "तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मंग रान खोल हाय म्हनून का सांगितलंस?"

"रान बी खोल हाय," दादा म्हणाले.

आबांच्या मिशीत काही हलले. हसू होते की आणखी काही, ते कळले नाही. "खोल हाय तर शाळू चांगला यील," ते म्हणाले आणि कुऱ्हाड दादांच्या हाती दिली.

मायने प्रत्येक झाडाला हळदकुंकू लावले, कारण वाढते झाड तसे तोडू नये. मग दादांनी ते तोडले. गड्याला हात लावू दिला नाही. ताज्या मोसंबीच्या लाकडाचा रंग लोण्यासारखा पिवळट असतो. हस्त जवळ आला होता, बुंधे खणून काढायला वेळ नव्हता. शाळू पेरणारी तिफण त्यांना वळसे घालीत चालली. त्या दिवाळीला आमच्या अंघोळीचे पाणी त्याच फांद्यांवर तापले. धुराला मंद, गोडसर वास होता आणि मायने डोळे पुसले ते धुरामुळे, असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

कार्तिकात जालन्याच्या मस्तगडचा एक मारवाडी व्यापारी बाग पाहायला आला. त्याने एक कच्चे फळ तोडून तळहातावर तोलले, नखाने साल दाबून नाकाशी धरली. "माल बहुत चांगला, पाटील," तो म्हणाला. "जालन्याहून आगगाडीत टाकला की हैदराबादेत हातोहात जाईल. दहा एकर लावा. मी घेतो ना सगळा." दादांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. मग व्यापाऱ्याचे लक्ष कडेच्या पट्ट्याकडे गेले, जिथे शाळू गुडघाभर झाला होता आणि मधूनमधून कापलेले बुंधे दिसत होते. "अरे, ही का मोडली?"

"घरात ज्वारी लागती."

"ज्वारी तर बाजारात..." तो म्हणू लागला, आणि थांबला. त्या वर्षी बाजारात काय होते, हे त्याला आमच्याहून जास्त ठाऊक होते.

मार्गशीर्षात शाळू माझ्या डोक्याबरोबर आला. थंडीने पाने निळसर दिसत, सकाळी त्यांच्या कडेने दहिवर ओथंबे. माय एकदा मला हात धरून त्या पिकात घेऊन गेली. चेहऱ्यावर असे तेज, जणू कुणाच्या सुटकेची बातमी आली आहे. तिने शाळूची ताटे बाजूला केली. बुंध्यातून धुमारे फुटले होते, वीतभर, तकतकीत हिरवे. एकाला नाही, तिन्ही ओळींतल्या बहुतेक बुंध्यांना. काहींच्या भोवती तिने मातीची लहान आळी केली होती.

"आल्या बघ पोरी माघारी," ती कुजबुजली.

दादा केव्हा मागे येऊन उभे राहिले, आम्हांला कळले नाही. ते खाली बसले. त्यांनी एक पान तोडले, चुरगाळले आणि तिच्या नाकाशी धरले. वास तीव्र होता, लिंबासारखा, त्यात मोसंबीचा गोडवा नव्हता. मग त्यांनी धुमाऱ्यावरचे लांब काटे दाखवले.

"ही मोसंबी न्हाई. मोसंबीचा डोळा जंबेरीच्या खोडावर भरत असतेत. आपुन तोडलं ते वरचं झाड. हे खालचं फुटलंय. जंबेरी हाय ही."

"हिला फळ येतं?"

"येतं. आंबट, कडू. कुनी खात न्हाई."

माय त्या धुमाऱ्याकडे बघत राहिली. "परत डोळा भरता येत न्हाई का?"

"येतो," दादा म्हणाले. त्यांना ते सांगायचे नव्हते, हे दिसत होते. पण खोटे बोलणे त्यांनी एकदा करून पाहिले होते. "भरता येतो. पन मंग परत चार-पाच वर्सं थांबायचं. अन् तवर हे ह्या शाळूचं खाईल. आबांशी मी बोलून बघतो, तू म्हनशील तर."

वारा सुटला होता. शाळूची पाने एकमेकांवर घासून सळसळत होती आणि वर, पोटऱ्यांतून, कणसे डोकावू लागली होती. मायने ती पाहिली. ती मनात काय मोजत होती ते मी सांगू शकत नाही. घरी त्या सकाळी धाकट्या भावाने दुसरी भाकर मागितली होती आणि तिने आपली अर्धी त्याला दिली होती, एवढे मला ठाऊक आहे.

"नका बोलू," ती म्हणाली.

तिने पदर खोचला आणि पहिला धुमारा मुळाशी धरून ओरबाडला. दादा पुढे झाले, तशी तिने त्यांना हाताने मागे सारले. "ऱ्हाऊ द्या. पाजलं म्या, काढते बी मीच." ती वाकून ओळीने चालत गेली. मी मागून ती आळी पायाने मोडीत गेले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी पोचलो तेव्हा ऊन चढले होते, आणि काट्यांनी तिच्या तळव्यांवर बारीक लाल रेघा ओढल्या होत्या.

घरी येऊन तिने हात राखेने घासले आणि भाकरी थापायला घेतल्या. जंबेरीचा वास राखेनेही गेला नाही. तो पिठात उतरला, तव्यावर तापला, आणि पहिला घास तोंडाशी नेताना सगळ्यांनाच आला. आबांनी घास हातात धरून एकदा मायकडे पाहिले. मग ते जेवू लागले, आणि आम्हीही जेवलो.